पिठाचं कवच
(घरच्या फिश अँड चिप्सवरील पुस्तकाची प्रस्तावना)

फिश अँड चिप्सची चर्चा निघाली की बोलणं होतं ते माशाबद्दल आणि बटाट्याबद्दल. कॉड चांगला की हॅडॉक, बटाटा मॅरिस पायपर जातीचा हवा का, मीठ आधी की व्हिनेगर आधी. खरं तर हा पदार्थ जमतो किंवा फसतो तो माशावरच्या काही मिलिमीटर जाडीच्या पिठामुळे. मासा ताजा आहे, तेल उत्तम आहे, पण पीठ चिवट झालं तर जेवण फुकट गेलं. उलट मासा साधाच असला तरी पीठ नीट जमलं की पानावर बसलेला माणूस दुसरा तुकडा मागतो. या पुस्तकाचा सगळा भर त्या पिठावर आहे. बटाट्याचं एक प्रकरण आहे, सोबतच्या मटारांचं आणि टार्टर सॉसचं आहे, पण पुस्तक लिहिलं ते पिठासाठी.

पीठ कालवणं, पीठ भिजवणं, पळीवाढं पीठ, सरसरीत पीठ हे सगळं मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. भजी, बटाटेवडे, मिरच्या तळणाऱ्या हातांना तळणीची भीती नसते. तरीही तेच हात फिश अँड चिप्स करायला घेतात तेव्हा पुष्कळदा आवरण जाड, मऊ आणि तेलकट होतं. यात हाताचा दोष नाही. बेसनाला जे मानवतं ते मैद्याला मानवत नाही, एवढंच कारण आहे. ते नीट समजलं तर कोणतीही पाककृती समोर न ठेवता हा पदार्थ घरी उत्तम करता येतो, अशी माझी खात्री आहे.

पण आधी हे पीठ आलं कुठून ते पाहू. पिठात घोळवून तळलेला मासा मुळात इंग्लंडचा नाही. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली, १४९७ मध्ये पोर्तुगालमध्ये त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती झाली. त्यांतली काही कुटुंबं पुढे फिरत फिरत लंडनला पोचली, आणि १६५६ साली, इंग्लंडचा तेव्हाचा शासक क्रॉमवेल याच्या काळात, त्यांना तिथे उघडपणे राहण्याची मोकळीक मिळाली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. त्या काळात स्वयंपाक करायचा नाही. म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मासा पिठात बुडवून तेलात तळून ठेवायचा आणि शनिवारी गार खायचा. डुकराची चरबी त्यांना निषिद्ध, त्यामुळे तळण तेलातलं. पिठाच्या आवरणामुळे आतला मासा सुकत नसे. इंग्रजी ज्यू घरांत मैदा आणि अंडं लावून तळलेला गार मासा खाण्याची रीत आजही आहे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत हा मासा लंडनच्या रस्त्यावर उतरला होता. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तळलेल्या माशाच्या दुकानाचा उल्लेख आहे, तर १८५९ च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये तेलात तळलेल्या बटाट्याच्या कापांचा. अलेक्सिस सॉयर या नामवंत फ्रेंच आचाऱ्याने सामान्य माणसासाठी लिहिलेल्या स्वस्त पाकपुस्तकात ज्यू पद्धतीच्या तळलेल्या माशाला आवर्जून जागा दिली. मासा आणि बटाटा एकाच दुकानात पहिल्यांदा कोणी विकला याचा वाद अजून मिटलेला नाही. लंडनवाले १८६० च्या सुमाराचं जोसेफ मालिन यांचं ईस्ट एंडमधलं दुकान दाखवतात, तर उत्तरेकडचे लोक लँकशायरमधल्या मॉस्ली गावच्या बाजारात १८६३ च्या सुमारास जॉन लीस यांनी लावलेला ठेला. वाद काहीही असो, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. शनिवारी गार खायचा मासा आता कढईतून थेट गिऱ्हाइकाच्या हातात जाऊ लागला होता.

पीठ बदललं ते यामुळे. उद्या खायच्या माशाचं आवरण अंगाला घट्ट धरून राहायला हवं, ते मऊ असलं तरी चालतं. आत्ता खायच्या माशाचं आवरण हलकं आणि कुरकुरीत हवं. दुकानदारांनी अंडं काढून टाकलं, पीठ पातळ केलं आणि ते फुलवायला सोडा घातला. वाफेवर चालणारे ट्रॉलर उत्तर समुद्रातून मासा आणत होते. ग्रिम्सबी आणि हलच्या बंदरांतून बर्फात ठेवलेला तो माल रेल्वेने गिरण्यांच्या गावांत जात होता. दिवसभर गिरणीत राबणाऱ्या बायकांना संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम जेवण आणणं परवडत होतं. जॉन वॉल्टन यांनी या पदार्थाचा आणि ब्रिटिश कामगारवर्गाचा इतिहास लिहिला आहे, आणि पनिकोस पनायी यांनी हा ‘इंग्लिश’ पदार्थ स्थलांतरितांनी कसा घडवला ते दाखवलं आहे. १९१३ मध्ये मासे तळणाऱ्या दुकानदारांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९२८ मध्ये यॉर्कशायरमधल्या गायझलीला हॅरी रॅम्सडेन यांनी लाकडी टपरीत आपलं प्रसिद्ध दुकान सुरू केलं. १९३७ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये लिहिलं की ज्या स्वस्त सुखांमुळे इंग्लंडमध्ये क्रांती टळली असावी, त्यांत फिश अँड चिप्सही आहे. दुसऱ्या महायुद्धात मांस, लोणी, साखर रेशनवर गेली, मात्र फिश अँड चिप्सवर रेशन बसलं नाही.

आता मुद्द्याकडे येतो. कढईत नेमकं काय घडतं?

तेल १८० ते १९० अंश सेल्सिअसला तापलेलं असतं. पिठात बुडवलेला मासा त्यात सोडला की पिठातल्या पाण्याची क्षणात वाफ होते. तेलात जे बुडबुडे दिसतात ते या वाफेचे. वाफ बाहेर येत असते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही. तेवढ्यात पिठातला स्टार्च फुगून शिजतो, प्रथिनं घट्ट होतात आणि माशाभोवती एक कवच तयार होतं. बाहेरचा पृष्ठभाग कोरडा पडला की त्याचं तापमान १४० अंशांच्या वर जातं आणि सोनेरी रंग व खमंग वास येतो. आत मात्र तापमान शंभराच्या वर जाऊ शकत नाही, कारण कॉडसारख्या माशात सुमारे ८० टक्के पाणी असतं. म्हणजे कवचाच्या आत मासा तळला जातच नाही. तो स्वतःच्याच पाण्यावर वाफवला जातो. पिठाचं काम मोदकाच्या उकडीसारखं आहे: आतलं सारण जपायचं आणि स्वतःही खाण्याजोगं व्हायचं.

हे एकदा मनात ठसलं की पिठाचे सगळे नियम त्यातून आपोआप निघतात.

पहिला नियम ढवळण्याचा. बटाटेवड्याचं बेसन आपण फेटून घेतो, म्हणजे त्यात हवा भरते आणि आवरण हलकं होतं. बेसनात ग्लुटेन नसतं, त्यामुळे ते कितीही फेटलं तरी चिवट होत नाही. मैद्याचं तसं नाही. मैद्यात पाणी पडून तो ढवळला गेला की त्यातली दोन प्रथिनं, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, एकमेकांत गुंतून लवचीक जाळं तयार करतात. पोळीच्या कणकेला आपण तिंबतो ते याच जाळ्यासाठी. तेच जाळं माशाच्या आवरणात आलं की ते दाताखाली ताणलं जातं. म्हणून पाणी घातल्यावर हात आखडता घ्यायचा. काट्याने किंवा चॉपस्टिकने आठ-दहा वळसे पुरे. तळाशी कोरडं पीठ उरलं नाही एवढं बघायचं. मुगाएवढ्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या, त्या तळणीत विरतात. गुठळ्या मोडण्याची सवय आपल्या हाताला लहानपणापासून लागलेली असते. इथे ती आवरावी लागते.

दुसरा नियम थंडाव्याचा. पाणी बर्फासारखं गार असलं की मैदा ते सावकाश शोषतो आणि ग्लुटेनचं जाळं कमी बनतं. शिवाय गार पिठात वायू अधिक काळ टिकतो. पिठाचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवून काम करणं मुंबईच्या उकाड्यात फार उपयोगी पडतं. तेल तापत आलं की मगच पीठ कालवायचं. भज्यांचं पीठ आधी भिजवून मुरवत ठेवतात, तसं हे ठेवायचं नाही.

तिसरा नियम वायूचा. आवरण हलकं व्हायला त्यात बुडबुडे हवेत. ते बेकिंग पावडरने येतात, खाण्याच्या सोड्यात व्हिनेगर घातल्यानेही येतात, आणि बिअरने किंवा साध्या सोडा वॉटरनेही येतात. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड तर असतोच, शिवाय तिच्यातल्या प्रथिनांमुळे फेस टिकतो, साखरेमुळे रंग चांगला येतो आणि माल्टचा किंचित कडसर स्वाद उतरतो. बिअरमधलं अल्कोहोल तळताना सगळं उडून जातं हा समज मात्र खरा नाही. थोडा अंश उरतो. घरात लहान मुलं असतील किंवा मद्य वर्ज्य असेल तर गार सोडा वॉटर वापरावं. कुरकुरीतपणात काही उणं पडत नाही. खाण्याचा सोडा मात्र जपून घालावा. जास्त झाला की आवरण लवकर काळपट होतं आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

चौथा नियम तांदळाच्या पिठाचा. भज्यांच्या पिठात चमचाभर तांदळाचं पीठ घालणं आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तांदळात ग्लुटेन नाही आणि तो पाणीही कमी धरून ठेवतो, म्हणून आवरण अधिक वेळ कडक राहतं. हेस्टन ब्लुमेंथल या ब्रिटिश शेफने फिश अँड चिप्सच्या पिठावर बारकाईने काम केलं, तेव्हा त्याने मैद्याच्या जोडीला तांदळाचं पीठच घेतलं. पाण्याच्या काही भागाऐवजी त्याने व्होडका वापरली, कारण अल्कोहोलमध्ये ग्लुटेन नीट बनत नाही आणि ते पाण्याच्या आधी, ७८ अंशांना, उकळून उडून जातं. घरी व्होडकाची गरज नाही. तांदळाचं पीठ मात्र जरूर घ्यावं.

चौघांपुरत्या माशासाठी माझं प्रमाण असं: १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तांदळाचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ आणि सुमारे २५० मिलिलिटर अगदी गार सोडा वॉटर. प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही, म्हणून शेवटचं थोडं पाणी हाताशी राखून ठेवावं. चमच्याची पाठ पिठात बुडवून वर धरा आणि तिच्यावर बोटाने एक रेघ ओढा. रेघ लगेच पुसली गेली तर पीठ पातळ आहे, त्यात चमचाभर मैदा भुरभुरा. रेघेचे काठ उंच राहिले आणि पीठ खाली ओघळेना तर ते घट्ट आहे, थोडं सोडा वॉटर वाढवा. रेघ स्पष्ट राहिली आणि तिच्या खालच्या काठावरून पीठ सावकाश ओघळलं, की समजा जमलं.

आता मासा. तो आधी पूर्ण कोरडा करायला हवा. ओल्या माशावर पीठ टिकत नाही, तळताना सुटून तेलात पसरतं. स्वच्छ कपड्याने टिपून, मीठ लावून, कोरड्या मैद्यात हलकेच घोळवा आणि जादा मैदा झटकून टाका. हा कोरडा थर ओल्या पिठाला धरून ठेवतो. कढई निम्म्यापर्यंतही भरू नका, एक तृतीयांश तेल पुरे. मासा पडला की ते वर चढतं. पिठाचा एक थेंब टाकून बघा. तो तळाशी जाऊन लगेच फसफसत वर आला की तेल तयार आहे. पडल्या पडल्या लाल झाला तर आच कमी करा.

माशाचा तुकडा शेपटीच्या बाजूने दोन बोटांत धरा, पिठात बुडवा, भांड्याच्या काठाला घासून जादा पीठ निथळू द्या. मग तो आपल्यापासून दूरच्या दिशेने तेलात सोडायचा, म्हणजे उडालेलं तेल आपल्या अंगावर येत नाही. एकदम सोडू नका. अर्धा तुकडा तेलात आणि अर्धा हातात असा दोन-तीन सेकंद धरा. तेवढ्यात खालचं पीठ फुलतं, तुकडा तरंगायला लागतो, मग हात सोडा. एकदम सोडलेला तुकडा तळाला जाऊन चिकटतो आणि उलटताना त्याचं कवच फाटतं. एका वेळी दोनच तुकडे तळा, नाहीतर तेल थंड होतं, वाफेचा जोर कमी पडतो आणि तेल आत शिरतं. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला साधारण ५ ते ६ मिनिटं लागतात. बुडबुडे मंदावले म्हणजे पिठातलं पाणी संपत आलं, मासा काढायची वेळ झाली.

काढल्यावरची काळजीही तितकीच महत्त्वाची. तळणीत तेल बरंचसं आत शिरतं ते तुकडा बाहेर काढून गार होऊ लागतो तेव्हा. वाफ आटते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून तुकडा काढल्या काढल्या नीट निथळू द्या आणि जाळीवर मोकळा ठेवा. कागदावर ढीग केला किंवा वर झाकण घातलं तर आतून येणारी वाफ कवचाला मऊ करते. कागदात गुंडाळून घरी आणलेल्या माशाचं कवच मऊ पडतं ते याच कारणाने. जाळीवरून थेट ताटात पडलेला मासा त्याहून सरस असणारच. म्हणूनच हा पदार्थ घरी करण्यात अर्थ आहे, असं मी मानतो.

मराठी घरांसाठी याला आणखी एक कारण आहे. यॉर्कशायर आणि उत्तर इंग्लंडमधली बरीच दुकानं आजही गोमांसाच्या चरबीत तळतात. तिथल्या लोकांना तोच स्वाद अस्सल वाटतो. लीड्स-ब्रॅडफर्डकडे राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांना म्हणूनच नुसत्या चिप्स घ्यायच्या तरी आधी चौकशी करावी लागते. घरी रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल किंवा रेपसीड तेलात तळलं की ही अडचण राहत नाही, आणि शाकाहारी माणसासाठी बटाटे वेगळ्या कढईत तळता येतात. घाण्याचं तेल इथे नको, त्याचा धूर लवकर निघतो.

महाराष्ट्रात कॉड मिळत नाही, मिळाला तरी गोठवलेला आणि महाग. आपल्याकडचा जिताडा, घोळ, रावस किंवा हेकरू यासाठी छान चालतो, कारण यांचं मांस पांढरं, जाड आणि शिजल्यावर पदरापदराने सुटणारं असतं. बाजारात कोळणीकडून आडव्या तुकड्या न करून घेता पाठीच्या काट्यावरून लांब, बिनकाट्याचे काप काढून घ्यावेत. बोंबलात पाणी फार, त्याला रवाच शोभतो. कोकण-गोव्याची रवा लावून तव्यावर केलेली तळण वेगळ्या धाटणीची आहे. तिथे मसाला माशाला लागतो आणि चव बाहेरूनच मिळते. इथे पीठ जवळजवळ अळणी असतं आणि माशाची स्वतःची चव पुढे येते. दोन्ही उत्तम आहेत, पण त्यांची सरमिसळ करू नये. मैद्याच्या पिठात हळद-तिखट घातलं की ना धड हे राहतं, ना ते.

आणि सावधपणा. ब्रिटनमध्ये घरातल्या चिप्सच्या कढईने इतक्या आगी लावल्या की सत्तरच्या दशकात त्याबद्दल सरकारला दूरचित्रवाणीवरून लोकांना बजावावं लागलं. तेल गॅसवर ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करा आणि जमेल तर कढईवर झाकण किंवा ओला पिळलेला जाड कपडा टाका. पेटत्या तेलावर पाणी कधीही ओतू नका, कढई उचलू नका. आग आवरत नाही असं दिसलं तर बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

पुढच्या प्रकरणांत पिठाचे पाच प्रकार दिले आहेत: साधं, बिअरचं, सोडा वॉटरचं, तांदूळ जास्त असलेलं आणि मैदा मुळीच न वापरणाऱ्यांसाठी ग्लुटेनविरहित. प्रत्येकाच्या शेवटी काय बिघडू शकतं आणि का, याची यादी आहे. बटाटे आधी मंद आणि मग कडक तेलात असे दोनदा का तळायचे, हे शेवटून दुसऱ्या प्रकरणात येतं. पाककृती पाठ करण्यापेक्षा कारणं समजून घ्या, कारण तुमच्या घरातला मैदा, तुमची कढई आणि तुमच्या गॅसची आच माझ्यापेक्षा वेगळी असणार.

वाचकांना एकच आग्रहाचं सांगणं आहे. घरच्यांना आधी पानावर बसवा, मग मासा तेलात सोडा. पहिला एकच तुकडा तळा, तो स्वतः खा आणि त्यावरून उरलेल्या पिठात जे कमी-जास्त करायचं ते करा. जे प्रमाण जमेल ते या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या वेळी माझ्या प्रमाणापेक्षा तेच तुमच्या अधिक कामाला येईल.